मुखवटा घेऊन माकड पळालं

"स्पायडरमॅनचं तोंड माकडानं पळवलं, कळलं का तुला?"

जाळीतल्या भोकातून काकूंनी कढीपत्त्याची जुडी पुढे केली आणि तिच्याबरोबर ही बातमीही दिली. काशीतल्या मंगला गौरीच्या आमच्या गल्लीत कुंपणं नाहीत. घरांच्या भिंती सामाईक, गच्च्या एकमेकींना लागून, आणि माकडांच्या भीतीनं प्रत्येक गच्चीवर लोखंडी जाळी. आमच्या दोघींच्या गच्चीमधल्या जाळीला वाटी जाईल एवढं भोक आहे. ते कुणी पाडलं देव जाणे, पण माझ्या सासूबाईंच्याही आधीपासून साखर, विरजण आणि गल्लीतल्या खबरा त्यातूनच ये-जा करतात.

"कुणाचा स्पायडरमॅन?"

"अगं, वकिलांचा नातू. दिल्लीहून आलाय. वाढदिवसाला मिळालेला तो लाल-निळा पोशाख घालून पाण्याच्या टाकीवर चढला. हात असे पुढे करून जाळं फेकतोय. माकडाला वाटलं, खायला देतोय. आलं, मुखवटा ओढला आणि घाटाच्या दिशेनं पसार!"

"पोराला लागलं नाही ना?"

"त्याला काय धाड भरलीय! खरी गंमत पुढेच. दोन्ही हातांनी तोंड झाकून ओरडतो कसा, कुणी बघू नका, माझी ओळख फुटेल! खालून दूधवाला चालला होता. मानसुद्धा वर न करता म्हणाला, बबुआ, तुला तर मी मुखवट्यातच ओळखलं होतं, आजोबांसारखे पाय फाकवून चालतोस."

काकू हसत हसत पापडांच्या चटईशेजारी बसल्या. "या गल्लीत ओळख लपवणार म्हणे! परवा मी खवा थोडा जास्त आणला, तर देवळाच्या दारापर्यंत पोचायच्या आत तिघींनी विचारलं, लेक माहेरपणाला येतेय का?"

मी म्हटलं, "काकू, पण अमेरिकेतल्या त्या सगळ्या कथा याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. क्लार्क केंट चष्मा लावून कचेरीत बसतो, तोवर कुणाला पत्ता नाही. चष्मा काढून झगा चढवला की तोच सुपरमॅन. शेजारच्या टेबलावरची लोइस लेनसुद्धा ओळखत नाही."

"चष्म्यानं? आमच्या ह्यांनी चष्म्याची काडी बदलली, तर पानवाल्यानं विचारलं, नंबर वाढला का?"

काकू मुलींच्या शाळेत हिंदी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याशी बोलायचं तर सनावळीनिशी बोलावं लागतं. म्हणून मी सांगितलं, की सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. जेरी सीगल लिहायचा, जो शुस्टर चित्रं काढायचा. क्लीव्हलँड शहरातली विशीतली दोन पोरं, दोघांची घरं युरोपातून पळून आलेल्या ज्यूंची. नायकाचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला विकून टाकले.

"मूर्ख मेले," काकू म्हणाल्या.

"असतील. पण परक्या देशात कसं वागायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं. बोली बदलायची, कधी नावही बदलायचं, चारचौघांत बावळटासारखं राहायचं, आणि आत मनात धरून ठेवायचं की आपण खरे कुणी वेगळेच आहोत. क्लार्क केंट तसाच आहे. त्याचं खरं नाव काल-एल. त्याचा ग्रह फुटायच्या आधी आईबापांनी तान्हेपणीच त्याला एका यानात घालून पृथ्वीवर सोडला. कॅन्ससमधल्या एका जोडप्यानं उचलला आणि वाढवला."

काकूंनी हातातला पापड खाली ठेवला. "म्हणजे कर्णच की!"

"लोक मोझेस म्हणतात."

"लोक काय म्हणायचे ते म्हणोत. वनपर्व काढून बघ. कुंतीनं पेटी सोडली अश्वनदीत, ती गेली चर्मण्वतीत, तिथून यमुनेत, यमुनेतून गंगेत, आणि लागली चंपानगरीला. चंपा म्हणजे तिकडे भागलपूरकडे. मधे काशी येते की नाही? म्हणजे आपल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांखालून वाहत गेलाय तुझा तो सुपरमॅन!"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दुसरी पुस्ती जोडली. "आणि तो सूर्याचा मुलगा. आपल्या मंगला गौरीच्या देवळात सूर्यानंच तप केलं होतं ना? गभस्तीश्वर त्यानंच स्थापला. तिथल्या सूर्याला मयूखादित्य म्हणतात."

"काकू, सुपरमॅनची शक्तीसुद्धा आपल्या पिवळ्या सूर्यापासूनच येते असं त्या कथांमध्ये आहे."

हे मी सांगायला नको होतं. काकूंनी त्या लाटेवर पुढची दहा मिनिटं काढली. मुद्दा मात्र त्यांचा बिनतोड होता. कर्णाचं कवच अंगाबरोबर जन्मलेलं. मागणारा दारी आला तेव्हा त्यानं ते सोलून दिलं. "सुपरमॅनकडे कुणी झगा मागितला तर देईल का? आणि ओळख लपवल्यानं काय होतं ते आपल्याकडे व्यासांनी लिहूनच ठेवलंय. कुंतीनं तोंड उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. लपवलेल्या नावाची तिकडे मौज वाटते. आपल्याकडे त्यावरून अख्खं कुरुक्षेत्र झालं."

खालून आरतीची घंटा ऐकू आली. मंगळवार होता, आणि श्रावण. इथल्या लोकांचा सावन पौर्णिमेनंतर लागतो. आम्हा मराठी घरांचा श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्या उलटल्यावर. त्यामुळे गल्लीतल्या बायकांचे सोमवार अर्धे सरतात तेव्हा आमच्या पहिल्या मंगळागौरीची तयारी चालू असते. एकाच स्वयंपाकघरात दोन पंचांगं. कामवाली विचारते, अम्मा, तुमचा सावन कधीचा? काकू सांगतात, तुमचा म्हातारा झाला की आमचा जन्मतो.

"तुला खरा पोशाख बघायचाय ना," काकू म्हणाल्या, "तर रामनगरला चल. अनंत चतुर्दशीला सुरू होते, महिनाभर चालते रामलीला. राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता, पाचही मिसरूड न फुटलेली ब्राह्मणांची पोरं. त्यांना स्वरूप म्हणतात. मुकुट चढला की साक्षात देव. ऐंशी वर्षांचे म्हातारे पायावर डोकं ठेवतात. काशीनरेश हत्तीवरून येतात, तेसुद्धा नमस्कार करतात. आणि प्रत्येकाला माहीत असतं की हा अमक्याचा मुलगा, आठवीत आहे, गणितात कच्चा."

"पण मग मुखवट्याची गरजच काय?"

"मुखवटा कुठाय? चेहऱ्यावर शृंगार असतो, टिकल्या लावलेल्या असतात, पण चेहरा त्याचाच. लपवायचं नाहीच मुळी. हा आपलाच पोरगा आहे हे ठाऊक असून वाकायचं, हीच तर भक्ती. कार्तिकात तुळशी घाटावर नागनथैया बघितलीस ना? कृष्ण झालेला पोरगा कदंबावरून खरोखर गंगेत उडी मारतो. वर येतो तो कालियाच्या फण्यावर उभा. लाखभर माणूस हर हर महादेव करतो. त्याची आई काठावर कुठेतरी जीव मुठीत धरून उभी असते, तिला विचार काय ओळख लपवायची ते."

मला हे पटलं. बॅटमॅनचं सगळं दुःख असं की आपण कोण ते त्याला कुणाला सांगता येत नाही. रात्री छपरांवरून एकटाच हिंडतो. एवढं मोठं शहर, पण त्याला घरी जाऊन ज्याच्याशी बोलता येईल असा एक म्हातारा नोकर. रामनगरच्या रामाला एकटेपण परवडणारच नाही, त्याला खांद्यावरून खाली उतरू देतील तर ना!

"पण ती चड्डी वरून का घालतात गं?" काकूंनी एकदम विचारलं.

हा प्रश्न जगातल्या प्रत्येक मुलानं विचारलेला आहे. उत्तर सर्कशीत आहे. त्या काळी सर्कशीतले पैलवान आणि झुल्यावरचे कसरतपटू अंगाला घट्ट बसणारे कपडे घालत आणि वर आखूड चड्डी. सुपरमॅनचा पोशाख तिथूनच आला. अशा पैलवानांत सगळ्यात गाजलेला यूजेन सँडो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तरुणपणी सँडोच्या पद्धतीनं व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले.

"औंधकर? आपल्या बिंदुमाधवाचं आत्ताचं देऊळ त्यांच्याच घराण्यानं बांधलं," काकू म्हणाल्या. आमच्या गच्चीवरून बिंदुमाधव दोन वळणांवर.

"त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं १९३८ साली."

"म्हणजे सुपरमॅनच्याच वर्षी! बघ, सूर्यापासून शक्ती घ्यायला एक विलायतेत शिकवतोय, एक अमेरिकेत." काकूंना असे योगायोग फार आवडतात. मी त्यांचा हिरमोड केला नाही.

माझं स्वतःचं बालपण पुण्यात 'इंद्रजाल कॉमिक्स'वर गेलं. टाइम्सवाल्यांनी ती मालिका १९६४ मध्ये काढली, मराठीतही यायची. ली फॉकचा फँटम त्यात वेताळ होऊन आला. जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे, चारशे वर्षं तोच आहे. खरं म्हणजे बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो, असे एकवीस झाले. मी हे सांगितल्यावर काकूंच्या चेहऱ्यावर काहीच आश्चर्य नाही. त्यांचं सासर उपाध्यांचं.

"एकवीस पिढ्या? त्यात काय, आमच्याकडे वह्या आहेत. कोल्हापूरचा माणूस आला, गाव आणि आडनाव सांगितलं, की पणजोबानं कधी श्राद्ध केलं ते काढून दाखवतात. तुझा वेताळ एकदा काशीला पिंडदानाला आला असता, तर घाटावरच्या पहिल्या पंड्यानं त्याची एकवीसच्या एकवीस नावं वाचून दाखवली असती. संपलं गुपित."

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. पण काकूंच्या मुलाचं लहानपण वेगळ्याच कॉमिक्सवर गेलेलं. इकडे उत्तरेत राज कॉमिक्सचं राज्य होतं. गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं, दोरीवर कॉमिक्स टांगलेली, आठ आणे भाडं, संध्याकाळपर्यंत परत. काकूंना ते सगळे पाठ, कारण जप्त करून त्यांनी स्वतः वाचलेले.

"नागराज! हिरवा, खवल्यांचा. अंगात रक्ताबरोबर साप. मनगटातून सोडायचा. आधी त्या दुष्ट प्रोफेसरच्या ताब्यात असतो, मग बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यातली कुपी काढून त्याला सोडवतात. मी म्हटलं, हे बरं आहे, घरात नवनाथांची पोथी वाचत नाही कार्टं, पण गोरखनाथ चालतात!"

"काकू, तो नागराज १९८६ ला निघाला तेव्हा त्याची चित्रं कुणी काढली माहीत आहे? प्रताप मुळीक यांनी. पुण्याचे. आधी ते 'अमर चित्र कथा'त देव आणि राजे काढायचे."

काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "तरीच. तो उभा राहायचा तो देवासारखाच."

हे मात्र त्या अगदी नेमकं बोलल्या. अनंत पै यांची 'अमर चित्र कथा' १९६७ पासूनची. दिल्लीत दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देव ओळखता आले आणि रामाच्या आईचं नाव येईना, ते पाहून पैंना हे सुचलं, असं सांगतात. पहिल्या 'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकरांची. या चित्रकारांनी वर्षानुवर्षं कृष्णाचा खांदा, भीमाची मांडी, शंकराची जटा रेखली, आणि मग दिल्लीच्या प्रकाशकानं नागवीर मागितल्यावर तोच हात तिकडे वळला. म्हणून नागराज अमेरिकन पोशाखात असूनही परका वाटत नाही. आणि साप तर या शहराच्या दारावरच असतो. नागपंचमीला पहाटे पोरं कागदी नागांची चित्रं घेऊन गल्लीगल्लीत ओरडत हिंडतात, छोट्या गुरूंचा नाग घ्या, मोठ्या गुरूंचा नाग घ्या. छोटे गुरू म्हणजे शेषाचे अवतार पतंजली, मोठे गुरू पाणिनी. दोन वैयाकरणांच्या नावानं साप विकणारं दुसरं गाव मला माहीत नाही. काकूंच्या मुलानं एका वर्षी दारावर त्या नागाऐवजी नागराजचं मुखपृष्ठ फाडून चिकटवलं होतं.

"मार खाल्लान," काकू म्हणाल्या. "दारासाठी नाही. भाड्याचं पुस्तक फाडलं म्हणून."

राज कॉमिक्सच्याच घराण्यातला सुपर कमांडो ध्रुव मला जास्त आवडतो. अनुपम सिन्हांनी १९८७ मध्ये आणला. सर्कशीत वाढलेला, कसलीही दैवी शक्ती नाही, डोकं आणि मोटरसायकल एवढंच भांडवल. आणि मुखवटा नाही. सगळ्या राजनगरला तो कोण, कुणाचा दत्तक मुलगा, कुठे राहतो ते ठाऊक. गंमत म्हणजे त्याची बहीण श्वेता मुखवटा घालून चंडिका होते आणि हे त्याला घरात राहून कळत नाही.

"पुरुषमाणूस," काकूंनी निकाल दिला.

मी विषय वळवला. "सुपरमॅन वर्तमानपत्रात, स्पायडरमॅन वर्तमानपत्राला फोटो विकतो, आपला शक्तिमानसुद्धा. १९९७ ला दूरदर्शनवर आला तेव्हा आठवतं? दात पुढे आलेला गंगाधर, 'आज की आवाज' नावाच्या पेपरात फोटोग्राफर. सगळे पेपरातच का?"

"'आज' तर आपल्या इथलाच," काकू म्हणाल्या आणि थांबल्या. शिक्षकी चेहरा झाला त्यांचा. "आणि 'आज'च्या संपादकांनीही हेच सोंग घेतलं होतं, विसरलीस?"

बाबूराव विष्णु पराडकर. जन्म काशीतच, १८८३, मराठी घर. कलकत्त्याला हिंदी पत्रांत काम करता करता क्रांतिकारकांशी संबंध, १९१६ ला अटक, १९२० ला सुटका. शिवप्रसाद गुप्तांनी काशीत 'आज' काढला, त्यात आले आणि हिंदी पत्रकारितेचे पितामह होऊन गेले. घरात मराठी, अग्रलेख हिंदीत, आणि हिंदी अशी की आजही शिकवतात. १९३० च्या सत्याग्रहात सरकारनं छापखान्यांच्या नाड्या आवळल्या तेव्हा काशीतून 'रणभेरी' नावाचं पत्र चोरून निघू लागलं. पोलीस मागावर, आणि त्यामागे पराडकर.

"धोतर, चष्मा, सभ्य गृहस्थ," काकू म्हणाल्या. "आणि राजगुरू? आपल्या खेडचा पोरगा, काशीत संस्कृत शिकायला आलेला. क्रांतिकारकांच्या संघटनेत त्याचं नाव रघुनाथ. आझाद कधी पंडितजी, कधी आणखी काही. ही माणसं याच शहरात वावरली, असल्याच गल्ल्यांमधून."

आता माझी पाळी होती. "काकू, मघाशी तर तुम्ही म्हणालात या गल्लीत खवासुद्धा लपत नाही. मग 'रणभेरी' कशी लपली?"

काकूंनी पापड उलटायला घेतले. एक, दुसरा, तिसरा. उत्तर यायला वेळ लागला.

"लपली असेल का? दूधवाला होता, पानवाला होता, गच्चीवर बायका होत्याच. मला नाही वाटत कुणाला काही कळलं नसेल. कळलं, आणि बोलले नाहीत."

१९४१ च्या मार्चच्या अंकावर कॅप्टन अमेरिका हिटलरला ठोसा मारतोय, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. त्या चित्राचं कौतुक जगभर होतं, आणि व्हावंच. पण ठोसा मारणारा चित्रात दिसतो. दारात शिपाई येऊन विचारतो आणि पापड उलटणारी बाई 'मला काय ठाऊक' म्हणते, ती कुठल्याच चौकटीत येत नाही. तिला पोशाख नाही, नाव नाही. मी हे काकूंना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, उगीच डोळ्यांत पाणी आणू नकोस, सरकार काय हल्ली तुला मला विचारायला येतंय! आता तर सरकारच कॉमिक्स काढतं. २०२१ मध्ये नमामि गंगेनं चाचा चौधरीला आपला शुभंकर केला. लाल पगडीचा म्हातारा, शेजारी गुरू ग्रहावरचा साबू. कचरा गंगेत टाकू नका म्हणून सांगतो.

"त्याचं डोकं कॉम्प्युटरपेक्षा वेगानं चालतं म्हणे," मी म्हटलं.

"मग घाटावरची निर्माल्याची पिशवी कोण टाकतं तेवढं शोधून दे म्हणावं. मला माहीत आहे, पण मी नाही सांगणार."

"सांगा ना."

"अजिबात नाही." काकूंनी चटई सावलीत ओढली, इकडेतिकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून भोकाजवळ आल्या. "ते जाऊ दे. समोरच्या वाड्यात तिसऱ्या मजल्यावर नवा भाडेकरू आलाय, पाहिलास का? दिवसभर खोलीत असतो आणि रात्री दोनला दिवा चालू. खटखट ऐकू येतं टाइप केल्याचं. दूधवाला म्हणाला, पत्रकार आहे."

"चष्मा आहे?"

"जाड भिंगाचा."

"मग आपण काही पाहिलं नाही, काकू."

"मी कुठं काय म्हणतेय? पण कपडे गच्चीवर वाळत घालतो तेव्हा बघून ठेव जरा. काही लाल-निळं असलं तर मला सांग, मी कुणाला बोलणार नाही. फार तर वकिलांच्या सूनबाईंना."